डावा कौल

डावीकडची पाकळी पडली आणि महिपत गुरवानं हात जोडले. दुपारच्या आधीची वेळ, देवळात माणसं तरी किती असणार! महिपत, त्याच्या गाऱ्हाण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला बसलेले दोन म्हातारे, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी डोळे मिटून उभे असलेले गोपाळकृष्ण आगाशे आणि मागं खांबापाशी नारळ धरून उभी असलेली त्यांची बायको मालिनी. घरात नवं काही आणायचं म्हणजे देवाचा कौल घ्यायचा, हे आगाश्यांकडे ठरलेलंच. विहीर खणताना घेतला, कलमं लावताना घेतला, घरच्या टायपिंगच्या धंद्यासाठी सायक्लोस्टाइल आणताना घेतला. म्हणून मालिनी सकाळपासून निर्धास्त होती. छपाईचं नवं यंत्र घ्यावं की न घ्यावं एवढंच विचारायचं, आणि देव कशाला नको म्हणेल? पण महिपतनं काळ्या पाषाणाच्या दोन खांद्यांवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, आगाश्यांच्या घरात लेझरचं यंत्र येतंय. त्या यंत्राला थोरल्या सुनेचा हात मानवत असंल तर उजवी दे, धाकलीचा मानवत असंल तर डावी दे म्हाराजा!" मालिनीच्या हातातला नारळ एकदम जड झाला. थोरली सून म्हणजे ती. धाकटी म्हणजे सुनेत्रा, मुंबईला नोकरी करणाऱ्या तिच्या दिराची, दत्तूची बायको, जिच्या लग्नाची हळद अजून पुरती उतरली नव्हती. हा प्रश्न कधी ठरला? कुणी ठरवला? ती पुढं होऊन काही बोलणार तोवर पाकळी पडलीसुद्धा. "डावा कौल झाला," महिपत म्हणाला, "धाकल्या वैनींचा हात." गोपाळकृष्णांनी डोळे उघडले, दक्षिणा ठेवली आणि मागं वळून, तिच्याकडे न बघता म्हणाले, "नारळ दे गो." तिनं दिला.

उतरणीच्या वाटेनं घरी येताना ती चार पावलं मागंच राहिली. बोलणार कुणाशी? नवऱ्याशी भांडता येतं, देवाशी कसं भांडायचं? गोपाळकृष्ण पुढं चालले होते, छत्री काखेत धरून, आणि आज उन्हाचा कडाका फार आहे, असं दोनदा म्हणाले. तिला मात्र मुंबईतली ती फोर्टमधली कचेरी आठवत होती. तीन महिन्यांमागं दोघं तिथं प्रिंटर बघायला गेली होती. टाय लावलेला एक तरतरीत माणूस प्रत्येक वाक्य ‘सर’ म्हणून सुरू करायचा आणि मालिनीनं काही विचारलं तरी उत्तर गोपाळकृष्णांना द्यायचा. आधी त्यानं सुयांचा प्रिंटर दाखवला. तो करकरत कागद ओढायचा आणि ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं काढायचा. गोपाळकृष्णांचा जीव त्याच्यावरच जडला होता, कारण तो आवाज करत होता. काम चाललंय हे बाहेर बसलेल्या वकिलाला ऐकू गेलं पाहिजे, असं त्यांचं मत. मालिनीनं पर्समधून स्टेन्सिल तपासायचं भिंग काढलं आणि कागदावर धरलं. वेलांटी शिरोरेषेला टेकतच नव्हती. रफार तर माशी बसावी तसा कुठंही बसला होता. "हे कोर्टात चालायचं नाही," ती म्हणाली. मग लेझरची दोन यंत्रं. मोठ्याचं रूप चांगलं, पण त्यात काळी पूड वेगळी ओतायची आणि अक्षर उठवणारा आतला ढोल बदलायला माणूस बोलवायचा. रत्नागिरीत तो माणूस येणार कुठून? लहान यंत्राची पेटी खणासारखी आत सरकायची, पूड आणि ढोल दोन्ही तिच्यातच. संपली की जुनी काढून नवी सारायची, बस्स. कोर्टाचा लांब कागद त्याच्या ट्रेमध्ये मावतो का, पावसात कागद सर्दावला तर काय करायचं, वीज हलली तर काय, सगळं तिनं विचारलं. शेवटी त्या माणसानं लहान यंत्रातून एक कागद काढून दिला. ऊन ऊन कागद. तिनं तो उलटा करून मागून अंगठा फिरवला. टाइप केलेल्या कागदाच्या पाठीला अक्षरांचे फोड असतात, पूर्णविरामापाशी तर भोकच पडतं. इथं पाठ साफ होती, कुणी लिहिलंय हे पाठीला ठाऊकच नसल्यासारखी. तिला जराशी भीती वाटली, आणि त्याच क्षणी ते यंत्र तिला हवंसं झालं. इतकं हवंसं आयुष्यात काही झालं नव्हतं, दागिनेसुद्धा नाहीत. "हेच घ्यायचं," ती म्हणाली आणि गोपाळकृष्णांनी मान डोलावली. परतताना एस. टी. च्या खिडकीतून संगमेश्वराची नदी दिसेपर्यंत ती मनातल्या मनात त्या यंत्रावर लग्नपत्रिका काढत होती, केळीचे खुंट कुठं बसवायचे, गणपती केवढा घ्यायचा. तेव्हा शेजारी बसलेला हा माणूस काय विचार करत होता?

मे सरता सरता यंत्र आलं. पडवीत टायपिंगच्या वर्गाचं एक टेबल हलवून आतली कोठीची खोली रिकामी केली, भिंतींना चुना दिला, वीज सांभाळायचा जाडजूड डबा बसवला आणि कॉम्प्युटर, त्याच्या शेजारी तो लेझर. हळदकुंकू सुकंच लावायचं असं सुनेत्रानं बजावलं आणि सगळ्यांनी ऐकलं. ती लग्नाआधी मुंबईत कॉम्प्युटरचा कोर्स करून आली होती. मालिनीची आशा अशी की पोरीला जमणार नाही. ही आशा वाईट आहे हे तिला कळत होतं, तरी ती रोज सकाळी चुलीवरच्या दुधाबरोबर वर यायची. पण सुनेत्राला जमलं. नुसतं जमलं नाही, छान जमलं. कागदाचा गठ्ठा ती प्लास्टिकात गुंडाळून ठेवायची आणि लागेल तेवढाच फोडायची. दमट कागद अडकून चुरगळला तर न चिडता झाकण उघडून अलगद ओढून काढायची. अक्षर फिकं पडायला लागलं की पेटी बाहेर काढून तान्ह्या पोराला जोजवावं तशी हलवून पुन्हा बसवायची, की आणखी चारदोन दिवस निघायचे. आंबापोळीच्या पाकिटांची लेबलं, शाळेच्या प्रश्नपत्रिका, वकिलांचे दावे, सगळं तिच्या हातून गुळगुळीत निघत होतं. तिच्यात एक खोट सापडती तर मालिनीला किती बरं वाटलं असतं! ती उद्धट नव्हती, आळशी नव्हती, ‘वहिनी, हे असं बरोबर आहे ना हो?’ असं विचारायचीसुद्धा. मग राग ठेवायचा कुठं? मालिनी पडवीत आपल्या जुन्या टाइपरायटरपुढं बसून राहायची. तिच्याकडे आता एकदोन म्हातारे वकील यायचे, ज्यांचा नव्या अक्षरावर विश्वास नव्हता. बाकी वेळ ती कान लावायची. वीसबावीस वर्षं या घरात तिच्या बोटांचा आवाज होता. त्या आवाजावर सासरे झोपले, त्या आवाजावर मुलं अभ्यासाला बसली, आणि ती रागावली की ठोके वाढतात हे शेजारच्या गोदाकाकूंनाही माहीत होतं. आता आतल्या खोलीतून यायची ती फक्त एक घुरघुर, तीही मधूनमधून. त्या घुरघुरीतून कुणाच्याच मनातलं काही कळत नव्हतं. भाजी चिरताना तिचा हात थांबायचा. आता कागद निघाला असेल. आता दुसरा. उठावं, जावं, म्हणावं ‘सरक गो, मी बघते’. पण मग ते डोळे मिटलेले गोपाळकृष्ण समोर यायचे आणि पाकळी पुन्हा पडायची.

त्या पाकळीचा तिनं विचार करकरून भुगा केला. महिपतनं डाव्या खांद्यावर अंगठा कमी दाबला का? डावी पाकळी थोरली होती का, की तिला पाणीच कमी लागलं होतं? छे, महिपत तसला माणूस नव्हे. मग देवच. देवाला माझा हात चालत नाही? याच देवानं मला या घरात आणली ना! ही गोष्ट सासऱ्यांनी, नानांनी, तिला लग्नानंतर कौतुकानं कितीदा तरी सांगितली होती. दोन मुली सांगून आल्या होत्या, एक आंजर्ल्याची, एक मंडणगडची. पत्रिका दोघींच्या जुळत होत्या, रूपातही डावंउजवं करण्यासारखं नव्हतं. नानांनी कौल लावला. मंडणगडची असेल तर उजवी. उजवी पडली, आणि मंडणगडच्या मास्तरांची मालिनी आगाश्यांची सून झाली. तिला या गोष्टीचा केवढा अभिमान! शेजारपाजारच्या सुना माणसांनी निवडलेल्या. आपल्याला देवानं निवडलं. सासू टाकून बोलली, मूल लवकर झालं नाही, हाताला टायपिंगनं घट्टे पडले, तरी आत कुठं तरी ती उजवी पाकळी तिनं जपून ठेवली होती. आणि आता, आषाढातल्या एका सकाळी तांदूळ निवडता निवडता, तिच्या मनात आलं, की त्या वेळी गोपाळकृष्णही असेच उंबऱ्याशी डोळे मिटून उभे असतील. ते कुठली बाजू मागत होते? उजवी, की डावी? आंजर्ल्याची मुलगी त्यांनी पाहिली होती का? तिला सुपातले तांदूळ दिसेनासे झाले. इतकी वर्षं हा प्रश्न सुचला कसा नाही? आणि आता सुचला तो जाईना. जेवताना त्यांच्या ताटात आमटी वाढताना तो मनात, संध्याकाळी ते पेपर वाचत असताना तो मनात. चाळीस ओलांडलेल्या बाईनं असलं काही मनात आणावं याची तिला लाज वाटायची, पण लाजेनं प्रश्न गप्प बसत नाहीत.

श्रावणातल्या एका दुपारी घर झोपलं होतं. पागोळ्यांची टिपटिप तेवढी. मालिनी उठली, देवघरातून तगरीचं फूल घेतलं आणि कोठीच्या खोलीत गेली. आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं, म्हणून ती भराभर करत होती. यंत्रावरची सुनेत्रानं शिवलेली खोळ काढली, कळ दाबली, यंत्र तापेस्तोवर उभी राहिली. कॉम्प्युटर न लावताही एक बटण दाबून धरलं की ते आपलं आपण चाचणीचा कागद काढतं, हे तिनं मुंबईतच बघून ठेवलं होतं. दोन पाकळ्या तांब्यातल्या पाण्यात बुडवल्या. एक उजव्या बाजूला चिकटवली, एक डाव्या. आणि गाऱ्हाणं? महिपतसारखं तिला येत नव्हतं. ती हळूच म्हणाली, "माझा हात तुला मानवतो का रे?" आणि तिचे कान तापले. बटण दाबलं. घुरघुर झाली, कागद आला. पाकळ्या जागच्या जागी. पुन्हा दाबलं. पुन्हा कागद. यंत्र गरम होत गेलं तसं पाकळ्यांतलं पाणी आटलं, त्या आखडल्या आणि घट्ट चिकटून बसल्या. एकही पडेना. तिनं चिडून तिसऱ्यांदा बटण दाबलं आणि मग नखानं उजवी पाकळी खरवडायला लागली, तेवढ्यात दारातून सुनेत्रा म्हणाली, "वहिनी?"

"धूळ पुसत होते," मालिनी म्हणाली.

सुनेत्रानं पाकळ्या बघितल्या. ट्रेमधले कागद बघितले. ती हसली नाही. आत येऊन तिनं दार लोटलं आणि म्हणाली, "मी पण लावून बघितला होता. तुळशीची पानं घेऊन. ती पण नाही पडत."

मालिनीला वाटलं ही आपली थट्टा करते आहे. "तू कशाला लावशील? तुझ्या बाजूनं तर देवानंच दिलाय."

"म्हणूनच ना! यांना डोंबिवलीत खोली मिळाली आहे, वहिनी. मागच्याच महिन्यात. आल्या दिवसापासून आमचं ठरलं होतं, खोली मिळाली की मी जायचं. आता मला विचारतात, कधी येतेस? काय सांगू? देवानं मला यंत्राला बांधलंय म्हणून?" सुनेत्राचा आवाज फुटला. "मला येतं हे काम. पण मला नकोय हो. मी त्या यंत्राला विचारत होते, मला सोडशील का."

"मग आमच्या ह्यांना, तुझ्या दादांना, सांगायचं होतंस."

"दादा म्हणतील, कौल आहे. आणि तुम्ही... तुम्ही तर माझ्याशी धड बोलतच नाही."

मालिनीच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते चांगलं नव्हतं. खुर्ची मोकळी झाली! तिला नुसता आनंद झाला, हावरा, लहान पोरीसारखा. ही जाईल डोंबिवलीला आणि मग हे सगळं माझं, ही ऊन कागदाची खोली, ही घुरघुर, लग्नपत्रिकांचे केळीचे खुंट. आणि तो आनंद गळ्याशी येतो न येतो तोच कडू झाला. म्हणजे सुनेत्रा नाही म्हणून मी. नाइलाज झाला म्हणून मी. पंगतीत उरलेली जिलबी वाढप्याला मिळते, तशी. इतके महिने जिच्यासाठी जीव कुरतडत होता ती खुर्ची समोर मोकळी दिसत होती आणि तिच्यावर बसावंसं वाटेना. सुनेत्रा पदरानं डोळे पुसत होती. किती लहान आहे ही! आपल्याच घरात, आपल्याच माजघरात ही पोर एकटी रडत होती आणि आपण पडवीत बसून तिच्या चुका मोजायला कान लावत होतो. मालिनीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नको गो. आज सांगते मी त्यांना." मग दोघींनी मिळून ओल्या फडक्यानं पाकळ्या काढल्या.

संध्याकाळी गोपाळकृष्ण पडवीच्या पायरीवर बसले होते. पावसानं उघडीप दिली होती, समोरच्या कुंपणाच्या चिऱ्यांच्या गडग्यावर शेवाळ चढलं होतं आणि ते त्याच्याकडे बघत सुपारी कातरत होते. मालिनी येऊन शेजारच्या पायरीवर बसली. कुठून सुरुवात करायची हे तिनं दुपारपासून घोकलं होतं, आणि तोंडातून निघालं ते भलतंच. "कौल लावला तेव्हा तुम्ही डोळे मिटून कुठली बाजू मागत होता?"

अडकित्ता थांबला. खोटं बोलायचं असतं तर ते लगेच बोलले असते, हे तिला माहीत होतं.

"डावी," ते म्हणाले.

तिला वाटलं होतं की हे ऐकल्यावर काही तरी कोसळेल. पण झालं उलटंच. देवावरचा तिचा सगळा राग एकदम उतरला. बिचाऱ्या देवाचा यात काय दोष! भांडण घरातलं होतं, आणि ते घरी परत आलं होतं. "का?" ती म्हणाली.

"तुझी बोटं झोपेत चालतात गो." ते गडग्याकडेच बघत होते. "पांघरुणावर. वर्षानुवर्षं बघतोय. मध्येच थांबतात, मग पुन्हा चालतात, ओळ संपली की हातसुद्धा सारतेस तू. मला वाटलं, पुरे झालं हिला. आता बसू दे जरा स्वस्थ."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला त्या पाण्याचाही राग आला. "मग मला सांगायचं! मी काय खाणार होते तुम्हाला?"

"तू ऐकली नसतीस."

"नसते ऐकले! ते यंत्र मी निवडलं. भिंग घेऊन, एकेक वेलांटी बघून. स्वस्थ बसायला निवडलं का मी? आणि म्हणून देवाच्या खांद्यावर बंदूक ठेवलीत?" ती थांबली. आता विचारलं नाही तर पुन्हा कधी विचारणार नाही, हे तिला कळलं. "आणि आपल्या लग्नाच्या वेळी? तेव्हा कुठली मागितलीत? उजवी, की डावी?"

"तेव्हा?" गोपाळकृष्णांनी तिच्याकडे खरोखरच गोंधळून बघितलं. "तेव्हा मी कुठं होतो देवळात! नाना एकटेच गेलेले. मी भाट्याच्या समुद्रावर पोहायला गेलो होतो. आल्यावर नाना म्हणाले, मंडणगडची."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"भूक लागलीय म्हणालो असेन. पोहून आलो होतो ना."

मालिनी हसायला लागली. तिला हसू आवरेना, आणि ते हसताना कुठं तरी चांगलंच दुखत होतं. दोन महिने ती ज्या माणसाला देवळाच्या उंबऱ्याशी उभा करून, डोळे मिटायला लावून उलटसुलट तपासत होती, तो तिथं नव्हताच. तो भाट्याच्या पाण्यात डुंबत होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं, तिला कुणी विचारलं नव्हतं, आंजर्ल्याच्या त्या मुलीलाही कुणी विचारलं नसेल. आणि आता सुनेत्राला. सगळं घर असं, न विचारता चालत आलेलं.

"सुनेत्राला डोंबिवलीला जायचंय," हसू ओसरल्यावर ती म्हणाली. "भाऊजींना खोली मिळाली आहे. ती इथं रडते आहे. तिला जाऊ द्या."

"अगो, पण कौल..."

"कौल तुम्ही मागितलात तसा पडला. आता तुम्हीच जाऊन देवाला सांगा, चुकलो म्हणावं. तो काही तुम्हाला फाडून खात नाही."

गोपाळकृष्णांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं, मग चघळायचं विसरून गेले. "जाऊ दे तर तिला. दत्तूचीही आबाळच होते तिकडे." त्यांनी आतल्या खोलीकडे बघितलं. "पण मग यंत्रावर कोण बसणार?"

आत कुकरची वेळ झाली होती. रस्त्यावरून कुणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"तूच बसणार ना?" ते म्हणाले.

"मला कुठं कुणी विचारलंय अजून?"

त्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत अनेक गोष्टी त्यांनी तिला सांगितल्या होत्या, कळवल्या होत्या, करायला लावल्या होत्या. विचारायची वेळ आली तेव्हा त्यांची जीभ चांगलीच जड झालेली तिला दिसली. अडकित्ता खाली ठेवून ते म्हणाले, "मालिनी, तू बसशील का त्या यंत्रावर?"

‘हो’ तिच्या गळ्याशीच होता. फोर्टमधल्या त्या ऊन कागदापासून तो तिथं तयार होऊन बसला होता. ती उठली, लुगड्याचा घोळ झटकला आणि म्हणाली, "विचार करून सांगते."

"कधी?"

"सांगेन ना."

ती आत गेली. कुकरसाठी तांदूळ घेतले, एरवी एकदा धुते ते दोनदा धुतले, सावकाश, आणि पाणी निवळेपर्यंत हात आत ठेवून उभी राहिली. बाहेर पडवीत गोपाळकृष्ण उठले होते. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे, दाराशी क्षणभर थांबायचे, काही ऐकू येत नाही म्हणून पुन्हा परत फिरायचे.